मुस्तजादला जाऊन येऊ

बातमी फोटोतून आली. सकाळची वेळ, गॅसवर कुकर, आणि आमच्या एम.ए.च्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी अनूचा फोटो टाकलेला. खाली जोडलेले हात आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मी आधी फोटोच बघत बसले. मागच्या स्नेहमेळाव्यातला होता. तिच्या डाव्या बाजूला एक अर्धा कापलेला खांदा दिसत होता, मोरपंखी पदराचा. तो खांदा माझा. मला एवढंच वाटलं, की फोटो कापायचाच होता तर नीट तरी कापायचा... मग खालचं वाचलं. परत वाचलं. कुकरची शेवटची शिट्टी व्हायची होती, ती होऊ दिली. गॅस बंद केला, डबे भरले. नवऱ्यानं विचारलं, अशी का उभी राहिलीस, तर म्हटलं, अनू वारली. त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं त्यानंतर बऱ्याच जणांनी पाहिलं. ही रडत का नाही, अशी ती नजर. आता काही आठवडे झालेत. मलाही ते कळलेलं नाही.

अनू म्हणजे अनसूया. देगलूरची. नायगाव तालुक्यातल्या एका खेड्यावर शाळेत शिकवायची. सकाळच्या प्रार्थनेला उभी असताना चक्कर आली, पोरांनी धरून खुर्चीवर बसवलं, तिथून नांदेडला दवाखान्यात नेलं. मेंदूतली शीर फुटली होती. दुसरा दिवस उजाडता उजाडता संपलं सगळं. आजारी नव्हती, गोळ्या चालू नव्हत्या. उलट मलाच रक्तदाबाची गोळी आहे आणि ती वेळेवर घेत नाही म्हणून तीच मला रागावायची.

लातूरहून नायगावला तिच्या घरी पोचले तेव्हा अंगणात बायका बसलेल्या होत्या. मधोमध अव्वा, अनूची आई. देगलूरकडं कानडी जवळ, त्यामुळं पुष्कळ घरांतून आईला अव्वाच म्हणतात. आमच्याकडची रीत अशी, की मयताच्या घरी बाहेरगावची बाई आली की घरची बाई तिच्या गळ्यात पडते आणि हेल काढून बोलते. आलेल्या बाईनं तसंच हेल काढून उत्तर द्यायचं. दोघींनी मिळून रडायचं असतं ते. अव्वा उठल्या, माझ्या गळ्यात पडल्या. “नंदे, तुझी जोडीण गेली गं... माझे बाई. आता गोष्टी कुणासंगं करशील गं... माझे बाई. लेकराला कुणाच्या हवाली केलं गं... माझे बाई.” आणि मग थांबल्या. माझ्या उत्तरासाठी थांबल्या. मी खुंटीसारखी उभी. डोळ्यांत टिपूस नाही. आणि डोकं मात्र आपलं चालूच. ओळ, मग छोटा तुकडा. ओळ, मग छोटा तुकडा. अगं अनू, ही तुझी आई बघ काय करून राहिली... हे मी मनात म्हटलं, आणि सांगणार कुणाला, हे नंतर ध्यानात आलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “शिकलेल्या बाया. यांना न्हाई येत.” मला रागसुद्धा आला नाही, आणि राग तर मला उठता बसता येतो. एरवी अशा बोलण्याला मी दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहत नाही.

ओळ आणि छोटा तुकडा... ते काय, हे सांगायचं तर नांदेडला जायला हवं. एम.ए. मराठीच्या पहिल्या वर्षाला आम्ही दोघी एका वसतिगृहात. मी लातूरची, म्हणजे शिकवण्यांच्या गावची. मार्कांचा आणि स्वतःचा गर्व घेऊनच गाडीतून उतरले होते. त्यात मी कवयित्री. माझ्या कवितेत त्या काळी अंधार लई होता. अंधार, शून्य, काळोखाची लेकरं आणि मी. छंदबिंद मला मागासलेला प्रकार वाटायचा. विभागात महिन्यातून एकदा कवितावाचन चालायचं, तिथं मी वाचलं की पोरं गप्प होत, आणि ती भारावून गप्प होतात असं मी धरून चालायचे. अनू मागच्या बाकावर. तेल लावून चप्प वेणी, बोलणं असं की देगलूरचा बाजार उठून आलाय. एका वाचनाला सर म्हणाले, मागच्या मुलींपैकी कुणी वाचणार का, तर ही उठली. कागद नाही, काही नाही. हात मागं बांधून म्हणायला लागली. एक ओळ म्हणायची, क्षणभर थांबायची आणि मग दोन शब्द हळूच सोडायची, घरातून निघून गेलेला माणूस दारातून परत डोकं आत घालून काहीतरी सांगतो ना, तसे. ओळ गंभीर असली तर ते दोन शब्द थट्टेचे. ओळ हसरी असली तर ते दोन शब्द दुखऱ्या जागेचे. सर चष्मा काढून म्हणाले, “हे कशात बसवलंयस तू?”

“मुस्तजाद हाय सर.”

आता वर्गात मुस्तजाद कुणालाच माहीत नव्हतं. सरांनाही नसावं, ते नुसते हं हं करत राहिले. पण कबूल करील ती लातूरची कसली. मी मागं वळून मोठ्या आवाजात विचारलं, “मुस्तजाद म्हणजे औरादच्या पलीकडं का गं? तुमचं गाव आहे का ते?” माझी खरोखर तशी समजूत झाली होती. आमच्याकडं औराद आहे, सीमेवरच्या गावांची नावं अशीच असतात, मुस्तजाद हे एखादं तीनशे उंबऱ्यांचं खेडं असायला काहीच हरकत नव्हती. वर्ग फुटला हसून. सगळ्यांत जास्त अनू हसली. वर्ग सुटल्यावर तीच माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “चल, येतीस का? मुस्तजादला जाऊन येऊ.” तिथून पुढं ते आमचं गावच झालं. कविता लिहायला बसायचं म्हणजे मुस्तजादला जायचं. काही सुचेनासं झालं की मुस्तजादचा रस्ता वाहून गेलाय. लग्न ठरलं तेव्हाही तिनं पत्रिकेबरोबर निरोप धाडला होता, की मुस्तजादमार्गे यावे.

त्या संध्याकाळी तिनं मला गोदावरीच्या घाटावर बसवून समजावून सांगितलं. तिचे आजोबा, तात्या, निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. पुढं पटवारी झाले, पण डोक्यात सगळं उर्दू. गझल त्यांना पाठ, आणि गझलेचंच हे एक वाकडं भावंड. प्रत्येक ओळीला मागून एक छोटा तुकडा जोडलेला. वृत्त त्याच ओळीतलं, फक्त आखूड. अनू त्या तुकड्याला शेपूट म्हणायची. “मुस्तजाद म्हंजे जादा केलेलं,” ती म्हणाली. “जत्रंला जादा गाडी सोडत्यात न्हाई का, तसं. रोजची गाडी असतीच. ती गेली तरी गाव चालतंय. पण ज्याला जत्रंला जायचंय त्याला ती जादा गाडीच पायजे.” मी विचारलं, मग त्या शेपटाचा नियम काय. तर म्हणाली, “ओळ शेपटाबिगर पुरी झाली पायजे. आन शेपूट आल्यावर वाटलं पायजे, की अरे, हे नसतं तर ओळ उघडी पडली असती.” हे तात्यांचं का तुझं, असं विचारल्यावर म्हणाली, “तात्या बोल्ले का मीच बनवलं, आता आठवत न्हाई.”

झालं. मी म्हटलं, एवढंच ना. मुक्तछंदात अख्खं विश्व बसवणाऱ्या मला दोन शब्दांचं शेपूट जड आहे का? आणि पुढचं सगळं वर्ष मी त्या शेपटानं बेजार झाले. मला आधी मात्राच जमेनात. बोटं मोजून मोजून कशीबशी जमल्या, तर शेपटात मी ओळीचा अर्थ सांगायचे. एक ओळ मला अजून आठवते, त्याच घाटावरची:

पाण्यात जरा पाय बुडवताच कळाले

आणि शेपूट मी लावलं होतं, ‘ते खोल किती ते’. मोठ्या अभिमानानं ऐकवलं. अनूनं पायातली चप्पल काढली, पाय पाण्यात सोडले आणि म्हणाली, “नंदे, हे शेपूट न्हाई, कासरा हाय. ओळीला बांधून टाकलंस तू. पाय बुडवल्यावर कळालं म्हटल्यावर खोलच असणार की. त्यात नवं काय सांगून राहिलीस? देवणीच्या गाईचं शेपूट बघितलंस का कधी? गाय निवांत उभी असती आन ते आपलं भलतीकडंच उडत असतंय.” मग पाण्याकडं बघत तिनं माझीच ओळ परत म्हटली, आणि हळूच सोडलं:

— घागरच न आली

मी आधी हसले. मग हसू थांबलं. पाणी भरायला एवढ्या लांब आलेली बाई, पाण्यात पाय ठेवल्यावर तिला कळतं, की घागर घरीच राहिली. दोन शब्दांत. माझ्या डोक्यातल्या सगळ्या अंधाराला आणि शून्याला त्या दोन शब्दांनी कान धरून बाहेर काढलं, असं आज वाटतं. तेव्हा मात्र मी तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. रागानं. इतकं साधं मला का सुचलं नाही, हा राग.

माझं पहिलं खरं शेपूट आलं ते दुसऱ्या वर्षाला. आम्ही परीक्षेचे अर्ज भरून बाजारातून परत येत होतो. रस्त्यावर गर्दी, ऊन, आणि अनू चालता चालता गुणगुणली:

वाटेत मला कोण कुणाची न विचारी

तिच्या गावात चार पावलं टाकली तरी कुणीतरी विचारणारच, कुणाची गं तू, कुठं निघालीस. नांदेडात कोणी विचारत नव्हतं, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटायचं, कधी बरं. मी ऊन चुकवत चालले होते, घाम पुसता पुसता तोंडातून निघून गेलं, ‘आहेच बरे ते’. अनू थांबली. रस्त्याच्या मधोमध. मागच्या रिक्षावाल्यानं शिव्या दिल्या असतील, आम्हाला ऐकू आल्या नाहीत. “आली बघ,” ती म्हणाली, “आली तुझी जादा गाडी.” मला आजवर दोन-चार पुरस्कार मिळालेत, शाली कपाटात पडून आहेत. त्या ‘आली बघ’ची सर त्यातल्या एकालाही नाही.

पुढं सगळ्यांचं होतं तसंच आमचंही झालं. मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात, ती नायगावकडं शाळेत. लग्नं, लेकरं, बदल्या, सासू-सासरे. अनूचे यजमान माधवराव साधा माणूस, त्यांना कवितेतलं कळत नाही आणि ते तसं सांगून टाकतात. लेक आता हैदराबादला नोकरीला आहे. अनूनं पुस्तक काढलं नाही. मी मागं लागले तर म्हणायची, शेपटांचं कुठं पुस्तक असतं का गं. पण लिहिणं कधी सोडलं नाही तिनं, कविता सोडून दिलेल्या बायांमध्ये कृपा करून कुणी तिला बसवू नये. ती शाळेतल्या पोरांनासुद्धा शेपटं लावायला शिकवायची. फळ्यावर ओळ लिहायची आणि पोरांनी शेपूट सांगायचं. ‘बाई म्हणाल्या उद्या सुट्टी नाही’ या ओळीला तिसरीतल्या एकानं लावलं होतं, ‘बाईच न्हाई येणार’. ते सांगताना ती फोनवर हसून हसून खोकायला लागली होती.

आणि आमचा खेळ. मोबाईल आल्यावर तो फार सोपा झाला. अख्ख्या कविता नाहीत, सुट्या ओळी. एकीनं ओळ म्हणून पाठवायची, दुसरीनं शेपूट. लिहून पाठवायचं नाही, आवाजातच पाठवायचं, हा तिचा हट्ट. मला भाजी चिरताना यायची तिची ओळ. मी स्टाफरूममध्ये कोपऱ्यात तोंड करून शेपूट पाठवायचे, तर बाकीच्या बायकांना वाटायचं हिचं बाहेर काहीतरी चालू आहे. कधी उत्तर लगेच यायचं, कधी आठवडा जायचा. पण यायचंच. एवढ्या वर्षांत आमची एक ओळ शेपटावाचून राहिलेली नाही.

एक सोडून. दिवाळीच्या सुट्टीत ती लातूरला येते म्हणाली होती, आली नाही. पाहुणे आले, अमकं झालं, तमकं झालं. शाळा सुरू झाल्यावर मी तिला चिडवायचं म्हणून, निव्वळ चिडवायचं म्हणून एक ओळ पाठवली. उगीच गळा काढून:

दारात तुझी वाट किती आज बघावी

त्या रात्री निळ्या खुणा दिसल्या. म्हणजे तिनं ऐकलं. उत्तर आलं नाही. सकाळी प्रार्थनेला ती पडली.

मला बाकी काही नको. गेलेलं माणूस परत येत नाही, एवढं कळण्याइतकी मी मोठी आहे. पण तिनं ऐकलं होतं. ऐकल्यावर ती गप्प बसणारी नव्हती, तिच्या डोक्यात काहीतरी आलंच असणार. भांडी आवरताना, अंथरूण घालताना, सकाळी शाळेच्या वाटेवर गाडीत बसल्यावर. ते दोन शब्द तिला सुचले असतील का? सुचले असतील तर ते कुठं गेले? मला रडायला येत नव्हतं ते यामुळं असेल. मी अजून उत्तराची वाट बघत होते. कॉलेजात शिकवत होते, घरी स्वयंपाक करत होते, आणि फोन वाजला की आधी तिचं नाव बघत होते. वेड लागलं नव्हतं. सगळं माहीत होतं. तरी बघत होते.

नांदेडला आमच्या जुन्या मंडळींनी शोकसभा ठेवली. मी जायला नको होतं, गेले. बोलायला सांगितलं तेव्हा दुसरं काही सुचेना, म्हणून ती ओळ आणि न आलेलं शेपूट, एवढंच सांगितलं. सभा हळहळली. एक बाई म्हणाल्या, बघा, हिला आधीच कळलं होतं, मनाला चाहूल लागते. मी म्हटलं, मला काहीही कळलं नव्हतं, मी थट्टा करत होते. त्या म्हणाल्या, तेच ते. मग आमच्याच बॅचचा एक कवी, आता बराच नावारूपाला आलेला, उभा राहिला. आवाज भरून आला होता त्याचा, मनापासून भरून आला होता, हे मी नाकारत नाही. म्हणाला, अनसूयाताईंना धाडलेली ही ओळ अशी अधुरी राहू नये. आणि त्यानं शेपूट लावलं, ‘येणार कधी तू’. लोकांनी वाहवा केली. मात्रा चोख होत्या. मी माईक हातात नसताना जागेवरूनच म्हटलं, “हे शेपूट नाही, कासरा आहे.” तो बिचारा खाली बसला. बाहेर पडताना कुणी माझ्याशी फारसं बोललं नाही, आणि खरं सांगायचं तर मला तेच बरं वाटलं. एवढ्या आठवड्यांत आलेला पहिला राग होता तो. पण तोही वाटेतल्या लोह्यापर्यंतच टिकला, पुढं लातूरपर्यंत पुन्हा नुसती बधिर.

परवा देगलूरला गेले. अव्वा नायगावहून केव्हाच आपल्या घरी परतल्या होत्या. आपण उत्तर न देता आलो, हे मला टोचत होतं. जायचं कधी, याचा काही विचार केला नव्हता. शनिवारी मला तास नसतात म्हणून शनिवारी निघाले. उदगीरला गाडी बदलली, पोचेपर्यंत दुपार झाली. दार उघडंच होतं. समोरच्या खोलीत अव्वा दाराकडं तोंड करून बसलेल्या, पुढ्यात सुपात तुरीच्या शेंगा, पण हात थांबलेले. पूर्वी मला बघितलं की “बा गं, बा,” म्हणायच्या. बा म्हणजे ये. या वेळी म्हणाल्या नाहीत. नुसतं बघितलं, सूप जरा बाजूला सारलं. मी शेजारी बसले. आतून अनूची वहिनी शकुंतला पाणी घेऊन आली, आणि मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

“बोलतच न्हाईत ओ ताई,” ती कुजबुजली. “त्या दिवशी जेवढं रडल्या तेवढंच. तिथून पुढं डोळ्याला पाणी न्हाई. बाकीचे दिवस दोन घास खात्यात तरी. पण शनवारी न्हाईच. शनवारची सकाळची शाळा करून अनूताई यायच्या ना इकडं, जेवायला. त्या आल्याबिगर अव्वा ताटावर बसायच्याच न्हाईत. गाडी कितीका उशिरा येईना. आता... आता बघा की. ऊन उतरंस्तोवर अशाच बसत्यात दाराकडं बघत. मी वाढलेलं ताट तसंच उचलते. कशाला वाढू न्हाई म्हणावं तर तेबी जिवावर येतं.”

एवढ्या वर्षांची मैत्रीण, आणि मला हे माहीत नव्हतं. शनिवारी दुपारी तिचं शेपूट कधी आलं नाही, एवढं मात्र खरं. मी परत येऊन अव्वांजवळ बसले. शेंगा सोलायला लागले. त्याही लागल्या. अर्धं सूप सोलून झालं. मग अव्वांनी मान वर न करता विचारलं, “आदल्या रातीला काय तर ऐकत होती म्हनं फोनवर. माधवराव सांगत होते. हसत होती म्हनं. तूच काय तर पाठवलं होतंस.”

हसत होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हटलं, “हाव अव्वा. ओळ पाठवली होती. आमचं ते असायचं ना.”

“काय होती?”

मी सांगायला लागले. त्या दिवशी अंगणात निघाला नव्हता तो हेल आपोआप आला, का आला ते मला सांगता येणार नाही. म्हटलं, दारात तुझी वाट किती आज बघावी...

अव्वांचे हात थांबले. त्यांनी दाराकडं पाहिलं. बाहेर ऊन, रस्त्यावरून कुणीतरी सायकल हातात धरून चाललेलं. मग दाराकडंच बघत, माझ्याकडं नाही, अगदी हळू, परवानगी मागितल्यासारखं म्हणाल्या:

“जेवाय बसू का?”

मी बोटं मोजली नाहीत. मोजायची गरज नव्हती. आतून शकुंतला धावत आली, तिला वाटलं तिलाच विचारलं. “बसा की अव्वा, बसा, आत्ता वाढते,” म्हणत ती ताटं घ्यायला पळाली. अव्वांनी पदरानं हात पुसले. त्यांनी शेपूट लावलं होतं का नुसती भूक लागली होती, मला ठाऊक नाही, आणि मी विचारणारही नाही. पण ओळ पुरी झाली. त्या नावारूपाच्या कवीला, मला, कदाचित अनूलासुद्धा सुचलं नसतं, असं झालं. आणि मला ते नको होतं. आता तिच्याकडून काही यायचं राहिलं नव्हतं. फोन वाजला की नाव बघायला काही कारण उरलं नव्हतं. अनू मेली होती.

तीन ताटं आली. भाकरी, तुरीच्या दाण्याची आमटी, कांदा. अव्वांनी पहिला घास मोडला, तोंडात घातला, सावकाश चावला. मीही एक घास घेतला आणि तो गिळायच्या आत मला रडू फुटलं. साधं नाही, हेल काढून, शेजारच्यांनी दारं उघडावीत असं. शकुंतला उठायला लागली तर अव्वांनी तिला मानेनंच बस म्हणून सांगितलं. त्यांनी आपला डावा हात माझ्या पाठीवर ठेवला, तो तसाच ठेवला, आणि उजव्या हातानं जेवत राहिल्या.